खांद्यातली चरबी

१४ जानेवारी २०१४

पडले! कोठीतल्या वरच्या फळीवरून पातेलं काढत होते, स्टूल सरकलं. पातेलं सोडलं नाही, उजवा हात वरच्या वर ताणला गेला. जुनं लुगडं फाटावं तसा आवाज आला — खांद्यातून.

यांना सांगितलं. "मुका मार हाय. तेल लाव." आमच्या मेसवर क्लासची सत्तर पोरं जेवायची होती. पोळ्या गौरम्मानं लाटल्या — माझी धाकटी जाऊ. मी डाव्या हातानं भाजल्या. संक्रांत अशी गेली.

२ फेब्रुवारी

हात कानाच्या वर जात नाही. वेणी घालता येत नाही, पाठीमागचं बटण लागत नाही. तेल झालं, शेक झाला, मुखेडच्या बाईचा लेप झाला. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर हे म्हणाले, "बारावीची परीक्षा तोंडावर हाय. आई-बाप लेकरं लातूरला काय उपाशी ठेवायला पाठवतेत का?"

तेही खरंच आहे.

११ मार्च

गौरम्मा मोरीत घसरली. तिचाही उजवाच खांदा! पहिल्यांदा मनात आलं — बरं झालं, आता कळेल तिला. लिहून टाकलं. खोडणार नाही.

१३ मार्च

तिच्या नवऱ्यानं, श्रीमंत भावजींनी, तिला दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस.टी.नं नांदेडला नेलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. मोठ्या मशीनमधे घालून फोटो काढला. हाडाला धरून ठेवणारी दोरी तुटली म्हणे. ऑपरेशन करायचं.

म्हणजे तिचा खांदा खांदा. माझा मुका मार.

उदगीरहून तिचा भाऊ आला. बहिणीच्या उशाशी बसून रडला बिचारा. माझ्यासाठी कोण येणार! माझं माहेर त्र्याण्णवच्या भूकंपात दगडाखाली गेलं. आई, भाऊ, सगळं एका पहाटेत.

२९ मार्च

ऑपरेशन झालं. सहा आठवडे हात गळ्यात. भावजी तिला घास भरवतात — सगळ्यांसमोर! पुरुषमाणसानं इतकं? हे शेजारी बसून जेवतात, वर बघत नाहीत. मला म्हणाले, "भात कमी पडतोय, आधण ठेव."

तिचं काम माझ्यावर आलं. दोघींचं काम, एक हात.

१७ एप्रिल

ती खाली बसते, मी तिची वेणी घालते. तेवढ्यापुरता हात पोचतो. आज मुद्दाम ओढून घातली. डोळ्यात पाणी आलं तिच्या. म्हणते कशी — "अक्का, तुमचा हात लई दुखून राहिला ना?"

तिची कणव नको मला.

९ जून

नवीन बॅच आली. शंभरावर पोरं. नव्या पाट्या, नव्या क्लासच्या रांगा, सगळ्या ट्यूशन एरियात पाय ठेवायला जागा नाही. हे खूश.

गौरम्मा रोज भिंतीवर बोटं चढवते. व्यायाम. दिवसाला एक वीट वर. भावजी पेन्सिलीनं खूण करतात! तिचा व्यायामाचा कागद कोनाड्यात होता. मी रद्दीत घातला.

१० जून

कागद हरवला म्हणून तिनं शोधला. मग हसली, "ऱ्हाऊ द्या, पाठ झालाय." आणि लागली चढवायला.

मी अशी नव्हते. होते का?

३० सप्टेंबर

आज एकवीस वर्षं झाली. आईच्या नावानं दिवा लावायचा होता. उंच कोनाड्यात माझा हात जाईना. गौरम्मानं माझ्या हातातून दिवा घेतला आणि ठेवला वर — सहज! कोपर सरळ, हात सरळ.

माझ्या आईचा दिवा तिनं ठेवला. मी परसात जाऊन रडले. आईसाठी नाही. त्या हातासाठी.

२७ ऑक्टोबर

दिवाळीला पोरं गावी गेलीत. मेस बंद. यांना विचारलं नाही, नांदेडची गाडी धरली. एकटीच.

डॉक्टर कहकशां — गौरम्माला शिवलं त्याच. बारीक आवाज, पण बोट लावतील तिथं बरोबर कळ! मलाही त्या मोठ्या मशीनमधे घातलं, मग फोटो उजेडावर धरून समजावलं. "हा गौरम्माचा जुना फोटो. स्नायू काळसर, भरीव दिसतोय ना? आता हा तुमचा." माझ्यात पांढरे पट्टेच पट्टे.

"हे काय?"

"चरबी."

मला हसूच आलं. "डॉक्टर, माझं वजन बेचाळीस किलो. अंगावर चरबी कुठाय?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दोरी तुटली की स्नायूला ओढायला काही राहत नाही. काम नाही म्हणून तो वाळतो, आत आखडतो, आणि त्याच्या जागी चरबी भरते. जाड-बारीक माणसाचा संबंध नाही.

"मग शिवून टाका."

"टाका धरणार नाही, सुकन्याबाई. आणि शिवलं तरी ती चरबी पुन्हा स्नायू होत नाही. बाकीच्या स्नायूंना व्यायाम देऊ, दुखणं कमी करू. हात डोक्यावर जाईल असं मी खोटं सांगणार नाही." मग फोटो पाकिटात घालत — "दोन-तीन महिन्यात यायला पाहिजे होतं."

२८ ऑक्टोबर

मी आधी पडले. दोन महिने आधी! आणि हात तिला.

९ नोव्हेंबर

यांना फोटोचं सांगितलं. "वय झालं की असंच," म्हणाले. मी शेहेचाळीस. गौरम्मा चव्वेचाळीस.

दिवसभर तिच्याकडे बघत बसते. ती दोरीवर कपडे घालते, पंख्यावरची धूळ झाडते, गजरा माळते. प्रत्येक वेळी माझ्या खांद्यात काहीतरी पांढरं पसरल्यासारखं वाटतं. नवरा तसा मिळाला, भाऊ तसा मिळाला, खांदापण मिळाला. एका बाईला किती द्यावं देवानं!

१५ नोव्हेंबर

आज तोंडावर बोलले. भाजी निवडता निवडता. "तुझं नशीब बाई. तुला नेणारं माणूस हाय."

गौरम्माच्या हातातली मेथी तशीच राहिली. "अक्का, फेब्रुवारीत मी तुमचाच नंबर लावला होता नांदेडला. परीक्षेचं मी एकटी बघते, म्हनलं होतं. सोबत माझ्या भावाला पाठवते, म्हनलं. मोठे दादा, तुमचे मालक, म्हनले — सुकन्याच न्हाई म्हनती, तिला इचारू नको, रडती."

मला कुणी विचारलंच नव्हतं.

बाहेरून यांच्या हाका येऊन राहिल्यात. येऊ दे.