प्रतापकाकांच्या रायफलीवरचा घासलेला क्रमांक

प्रति,
मा. सचिव, श्रीमती निवेदिता करंबेळकर,
कालवाकाठ मराठी मंडळ,
ओंगार, डब्लिन १५.

विषय : 'माझा संग्रह' प्रदर्शनातील रायफलीची बावीस मुलांकडून फेरतपासणी होणेबाबत.

संदर्भ : दि. २६ सप्टेंबर २०२१ रोजी सभागृहात झालेला हशा.

महोदया,

या अर्जाची प्रत रविवारच्या मराठी वर्गात वाचली जाणार असल्याने सुरुवात मुलांपासून. मुलांनो, अशी कल्पना करा की तुमचा जन्मदाखला कागदावर नाही, मनगटावरच कोरलेला आहे : गाव, साल, क्रमांक. कोणी तो कानशीने घासून दुसराच कोरू लागला, तर तुम्ही ओरडाल. लोखंडाला ओरडता येत नाही. त्याच्या वतीने हा अर्ज आहे.

१. अर्जदार हा शस्त्रनिर्मिती कारखान्यातून चौतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालेला तपासनीस असून, फेब्रुवारी २०२० मध्ये लेकीकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आला, तो टाळेबंदीत इथेच अडकला. या अवधीत त्याने वर्गातील मुलांना चमच्यांमागचे, कुलपांवरचे, घड्याळांच्या पाठीवरचे शिक्के भिंगातून वाचायला शिकवले. नात श्रावणी, वय दहा, त्यात सर्वांत पुढे. दिवसाला चाळीस प्रश्न विचारी.

२. उपरोक्त दिवशी श्री. प्रताप देवस्थळी यांनी महायुद्धकाळातील, आता कायमची निकामी केलेली एक रायफल मांडली होती. पाटीवर मजकूर : "१९१६. फ्रान्सच्या आघाडीवरून थेट आयर्लंडात. सर्व क्रमांक मूळचे." अर्जदाराने हळू आवाजात निदर्शनास आणले की, लाकडातून आडवा गेलेला स्क्रू ही आपल्याकडच्या कारखान्यांची दुरुस्ती आहे, म्हणजे रायफल 'थेट' आलेली नाही, हिंदुस्थानात राहून आली आहे. शिवाय एकाच दिवशी ठोकलेले आकडे एकसारखे झिजतात. इथे रायफलीच्या अंगावरचे आकडे पुसट, तर काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टवरचे धारदार. मूळ क्रमांक घासून त्या जागी नवा ठोकलेला आहे. नख फिरवले की खळगा लागतो.

३. त्यावर श्री. देवस्थळी यांचे मूळ शब्द : "काका, चौतीस वर्षं डबेच मोजलेत ना? इट्स ग्रँड, चहा घ्या." मग श्रावणीकडे वळून : "तुझे आजोबा स्टोरीज भारी सांगतात हं!" सभागृह हसले. आपणही हसलात, हे नोंदवणे भाग आहे. श्रावणी म्हणाली, "आजोबा, प्लीज, जस्ट लीव्ह इट."

४. त्या दिवसापासून तिने अर्जदारास एकही प्रश्न विचारलेला नाही. आपले भिंग तिने प्रेसमध्ये, म्हणजे इथले लोक स्वयंपाकघरातल्या कपाटाला म्हणतात त्यात, डाळींच्या डब्यांमागे टाकून दिले आहे. अर्जदाराच्या शिक्क्यावर चौतीस वर्षांत कोणी शंका घेतली नव्हती. आता घरातच घेतली गेली. श्री. देवस्थळी स्वतः फसवले गेले असतील, त्याबद्दल तक्रार नाही. नातीसमोर आजोबाला खोटे पाडले, त्याबद्दल आहे. अर्जदाराने क्षमा करून पाहिली. ती गुरुवारपर्यंत टिकली.

५. सबब विनंती की,

(अ) ३१ ऑक्टोबरच्या दिवाळी मेळाव्यात तीच रायफल, त्याच टेबलावर, त्याच पाटीसह असावी. पाटीतला काना-मात्राही बदलू देऊ नये.

(आ) बावीस मुले भिंगे घेऊन रांगेने येतील. प्रत्येक जण खळग्यावरून नख फिरवील आणि विचारील : "प्रतापकाका, इथे आधी कोणता नंबर होता?" प्रश्न सर्वांचा एकच राहील. उत्तर मात्र प्रत्येकास स्वतंत्र मिळावे, आणि ते मोठ्याने असावे.

(इ) रांग संपेपर्यंत श्री. देवस्थळी यांना खुर्ची देऊ नये.

(ई) त्यानंतरचा चहा अर्जदार स्वतः आणून देईल. साखर दोन चमचे.

६. यादीत श्रावणीचे नाव नाही. तिच्यावर सक्ती करण्याची अर्जदाराची इच्छा नाही.

कलम पाच वगळता आपला नम्र,
गुरुनाथ खांबेटे
दि. ९ ऑक्टोबर २०२१

सोबत : बावीस मुलांची यादी, पालकांच्या सह्यांसह.

ता. क. : अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी श्रावणीने तो मागून घेतला व ओळीखाली बोट धरून पूर्ण वाचला. तरी वरील मजकुरात जिथे जिथे 'बावीस' आहे, तिथे 'तेवीस' वाचावे. वाचून झाल्यावर ती उठून आत गेली. स्वयंपाकघरात डाळीचा डबा पडल्याचा आवाज आला. मग ती भिंग गळ्यात अडकवून आली, यादीत पहिल्या नावाच्या वर जागा नव्हती तरी तिथेच आपले नाव दाटीने बसवले, आणि विचारले : "आजोबा, तोपर्यंत नखं वाढवू?"