माझा मेंदू आणि कालीपा आपांचा एडका

मी, चोल्पोन कुबात किझी, म्हणजे कुबातची मुलगी, वय चोवीस, राहणार कारा-बुलाक, जिल्हा नारीन, घराण्यातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दडपण आहे ते एकट्या कालीपा आपांचं. त्या समोर चहा ओतत बसल्या आहेत.

कारण नोंदवते. मी काम करते त्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी गावातली एकवीस वृद्ध माणसं नऊ वर्षं दरवर्षी तपासणीला येत होती. गेल्या खेपेला मी पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. आपा म्हणाल्या, "चंद्र, दार, दूध, सुई आणि मेंढीचा नवरा." तक्त्यात 'एडका' होता. मी फुली मारली. 'विसरतात' असा अहवाल घरी गेला आणि चूल पेटती राहील या भीतीने सुनेने आपांच्या हातची काड्यापेटी काढून घेतली. आपांच्या सासऱ्यांचं नाव कोचकोर, म्हणजे एडका. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून साठ वर्षांत तो शब्द त्यांनी उच्चारलेला नाही. इथेच वाढलेल्या मला हे कळायला हवं होतं. आपांनी अभ्यास सोडला आणि त्यांच्यामागून अकरा जणींनी. त्या परतल्या नाहीत तर गावाची नऊ वर्षं वाया जातील.

परवा मी दहाव्या वर्षाचं संमतीपत्र घेऊन गेले. त्यात मरणोत्तर मेंदूदानाचंही कलम आहे. आपा म्हणाल्या, "आम्ही मेल्यावरचं लिहून मागतेस होय गं? आधी तुझं लिही. मग बघू."

तर:

१. पदवीचं प्रमाणपत्र बाबांना. तसंही ते त्यांच्याच ताब्यात आहे. मेंढ्या घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यालासुद्धा आधी तेच दाखवतात.

२. बर्फातले बूट धाकट्या बहिणीला, नुर्झातला. अट एकच : ते घालून तिने दर महिन्याला आपांकडे चहाला जावं, हातात तक्ता न घेता. मी फक्त तपासणीपुरती जात आले.

३. बिश्केकमधले आमचे वरिष्ठ, जे सोडून गेलेल्या माणसांना 'गळती' म्हणतात, त्यांना माझी भोक पडलेली छत्री.

४. माझा मेंदू अभ्यासाला. हे वाचल्यावर आपा म्हणाल्या, "आत काही निघालं तर!" त्यांच्या आग्रहावरून हेही लिहिलं.

५. कालीपा आपांना त्यांचा एक गुण. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. दुरुस्ती आजच पाठवली आहे आणि सुनेला चुकीची कबुलीही लेखी दिली आहे. पाचही शब्द त्यांच्या लक्षात होते. विसरले होते ते मी.

हे सगळं मी मोठ्याने वाचून दाखवलं. 'एडका' आला की आपा दर वेळी जोरात खोकल्या.

स्थळ : कारा-बुलाक, आपांचं स्वयंपाकघर. दिनांक १४ मार्च २०२४.

सही : चोल्पोन

साक्षीदार पहिली : अनारा, आपांची सून. सही करून तिने काड्यापेटी सासूबाईंपुढे सरकवली. "घ्या. पण खिडकी उघडी ठेवा हं."

साक्षीदार दुसरी : कालीपा. आडनाव सासऱ्यांच्याच नावावरून आलेलं, म्हणून त्या जागी त्यांनी दोन वळलेली शिंगं काढली आहेत, लोकरीच्या नमद्यावर, म्हणजे जाड सतरंजीवर काढतात तशी. नंतर न विचारता संमतीपत्र पुढे ओढलं आणि तिथेही तीच शिंगं काढली. कार्यालयाने ही सही पूर्ण समजावी.