वीतभर जास्तीची वायर

काका,

हे पत्र टपालात टाकायची माझी हिंमत नाही.

ऑर्डरी आटल्या म्हणून तुम्हाला घरी बसवलं, हे मी धादांत खोटं सांगितलं. कंट्रोल पॅनलचं वायरिंग आता मशीन करतं, आणि सगळी मापं त्याला मीच भरून दिली. तुम्ही प्रत्येक वायर वीतभर जास्त ठेवायचात. "उद्या दुरुस्तीला येईल त्या बिचाऱ्याला पुरायला नको?" ती वीत मी नासाडीत धरली आणि छाटून टाकली.

आज तुमचंच अठरा वर्षांपूर्वीचं पॅनल दुरुस्तीला आलं. जळकं टोक मी कापलं आणि तुम्ही राखलेली वायर पुढे ओढली. पुरली, काका.

रविवारी घरी येतो. तुम्ही विचाराल, "आल्या का रे ऑर्डरी?" मी नाही म्हणेन, आणि तुम्ही मलाच धीर द्याल.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
पुतण्या