छातीतला जाळ

त्सुकुबा, जपान

चि. सुलेखास, माईताईचे आशीर्वाद.

हरीशरावांचा खोकला थांबला का? अक्षयाचा ताप उतरला? आणि तुझी छातीतली जळजळ?

मी मजेत आहे. आमची सूनबाई कश्मिरा इथल्या कोरियन पेशंटांच्या मनाच्या दुखण्यांवर संशोधन करते ना, काल तिच्या ओळखीच्या पार्क आजी जेवायला आल्या होत्या. माझी आमटी दोनदा मागून घेतली! कश्मिरा मला मराठीत सांगत होती, त्या म्हणाल्या, "राग गिळून गिळून छातीत जाळ होतो. आमच्याकडे त्या दुखण्याला नावच आहे. डॉक्टरांशी बोलले, तेव्हा हलकं वाटलं."

मला तूच दिसलीस गं. तुझे रिपोर्ट सगळे चांगले, तरी वर्षभर थंड दूध पितेस. हरीशरावांनी तुला न विचारता घर विकलं, तेव्हा "असू दे" म्हणालीस. डॉक्टरांना तेही सांग. हे पत्र हरीशरावांनी वाचलं तरी चालेल.

सांगितलंस की लगेच दोन ओळी लिही.

तुझी,
माईताई