पिवळ्याची पंगत

लोणार,
श्रावण वद्य दशमी, १९६४

प्रिय नीळू,

आजीचे पोटभर आशीर्वाद. दरवेळी इथं मी ‘इकडील सर्व खुशाल’ लिहिते. आज ती ओळ गाळली. काऊन गाळली ते शेवटी सांगते, पान उलटून आधीच पाहू नको.

तू छाती दाखवायले मुंबईच्या दवाखान्यात गेला, त्याले पोळ्याले दोन महिने होतील. ‘आजी, पंधरा दिवस पेटी सांभाळ’ म्हणाला होता. सांभाळून राह्यली बाप्पा! जन्मात समुद्र पाहिला नाही, तर नातवानं काचेच्या पेटीत समुद्रच आणून दिला, हे मी अख्ख्या आळीले सांगते. शेजारची झुंबरबाई रोज चहाची बशी घेऊन पेटीपुढं बसते. पोवळ्याच्या दगडावरची बारीक फुलं उमलली की म्हणे, ‘बाई, दगडाले पालवी फुटली!’ मी पाहतच राहते अन् तिकडे भाजी करपते. पण खरं सांगू, थकली रे. पाण्यात हवा सोडायले तुझा तो सायकलचा पंप दिवसातून आठ वेळा मारते, दंड भरून येतात. गळ्यात माळ अन् हातात पेटीतल्या माशांले चारायची सुकट. देवाले म्हटलं, तूच समजून घे. तुझं समुद्राचं पाणी माझ्या लोणच्याच्या तिन्ही बरण्यांत, म्हणून यंदा कैरी घातलीच नाही. पाणी सरत आलं तर झुंबरबाई म्हणते, आपल्या सरोवराचं ओत न, तेही खारंच! मी म्हटलं, लुगडं तुलेही अन् मलेही, म्हणून नवरा एकच काय वं? हसून हसून बशीतला चहा सांडला तिनं.

आता पिवळ्याचं ऐक. तो एकटा काचेच्या बरणीत, बाकीचे मासे पेटीत. ‘त्याले यांच्यात सोडू नको, तो पोवळ्याची फुलं खाते,’ असं तू जाताना तीनदा बजावलं. मलेही पटलं होतं. पण नागपंचमीले घरात पंगत बसली, अन् हा काचेले तोंड लावून पेटीकडे पाहून राह्यला. पंगतीतून एकाले उठवून बाजूले बसवनं या घरात कधी झालं नाही. वाटलं, चौघांत राहिला तर सुधरंल. वाटीनं उचलला अन् सोडला.

चार दिवस काय खेळला! मी म्हटलं, तुझ्यासारख्या कॉलेजच्या मास्तराले काय कळते? पाचव्या दिवशी पाहते तर दगडाची एक बाजू बोडकी. काढायले गेली तर वाटीत येते काय तो? शिरला भोकात. बघता बघता सारी फुलं खाल्ली. आता दगड हाडावानी पांढरा पडला. अन् पिवळा सुकट तोंडात घेते अन् थुंकते. खपाटीले गेला बिचारा. त्याच्यावर काय रागावू? त्याचं जेवणच ते, अन् ताट मी वाढलं.

या दिवसांत तुले दोन कार्डं टाकली. दोन्हीत ‘पेटी खुशाल, फुलं खुशाल’ लिहिलं. तू तिकडे खाटेवर, तुले काऊन घोर लावायचा, म्हणून.

मग परवा तुझं कार्ड आलं, ‘प्रकृती ठणठणीत आहे’. आठ वर्षांचा होता तेव्हा तू मले पाटीवर अक्षरं शिकवली. तुझ्या नावातला ळ मले जमेना, तर तू तो जिलबीवानी वळवून दाखवला. तसा ळ जगात आपण दोघंच काढतो. परवाच्या कार्डातल्या नीळकंठाचा ळ दुसऱ्याच्या हातचा आहे. नीळू, हातात पेन धरवत नाही काय रे? मी माझं सारं खरं लिहिलं, म्हणून तर ती ‘खुशाल’ची ओळ गाळली. आता तुझी पाळी. एकच ओळ लिही, वाकडी असली तरी चालंल, पण ळ आपला पाहिजे. तोही निघत नसंल तर कोरं कार्ड टाक. मी एस.टी. धरते. झुंबरबाईले पंप मारायचा शिकवून ठेवला आहे.

तुझीच,
आजी