कंदांसोबत मामंजी

ता. २ जून

सौ. धाकटीस स. न. वि. वि.

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय, उत्तराला हात लागत नव्हता. रागावू नकोस. इथे हात दोनच आणि दोन्हींवर मामंजींचा हक्क.

आयरिस फुलली. जांभळी आधी, मग ती तांबूस-पिवळी, तुला आवडते ती. पण या वर्षी फुलं वाफ्याच्या कडेकडेनेच आली, मधोमध नुसती पानं. मामंजी म्हणतात, कंद दाटलेत, एकमेकांच्या अंगावर चढलेत, फुलं सरली की उपटून वेगळे करायला हवेत. हवेत म्हणजे मी करायला हवेत. अर्धांगाने त्यांची डावी बाजू नेली, आवाज तेवढा शाबूत ठेवला. मागच्या खिडकीशी त्यांची खुर्ची लावली आहे, तिथून सगळा वाफा दिसतो. एक फूल कोमेजलं की काठीने खिडकीवर ठोकतात, मी हातातलं टाकून ते खुडायला धावायचं.

सकाळभर गणवेशांच्या कारखान्यात कापड कापते, दुपारी घरी येते. मग त्यांची आंघोळ, जेवण, चादर, पाठीला मलम. आयरिसच्या खालच्या पाकळीवर जी केसाळ पट्टी असते तिला दाढी म्हणतात, तेव्हा या घरात दाढ्यांना तोटा नाही. फुलांच्या निदान मला कराव्या लागत नाहीत. हे लांब पल्ल्याच्या बसवर. घरी येतात ते झोपायला. त्यांना तरी काय बोलू?

बाल्कनीसाठी तू कंद मागितलेस. वेगळे केले की पाठवते. सोबत मामंजींनाही बांधून देऊ का? पत्ता एकच तर आहे. हस बाई, गंमत केली.

भावजींना नमस्कार, लेकीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
थोरली जाऊ


ता. २० जून

ती. जाऊबाईंस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दाढ्यांपाशी आम्ही दोघं पोट धरून हसलो. मामंजी बांधून पाठवायचे झाले तर गाठी घट्ट मारा, वाटेत सुटले तर ड्रायव्हरला गाडी शिकवतील.

आता थोडं कान उघडून ऐका. तुम्ही दिवसाची एखादी बाई का ठेवत नाही? आमच्या प्रयोगशाळेतल्या एकीने सासूसाठी हवेची गादी आणली, पाठ सोलवटायची थांबली म्हणे. आणि रोज अर्धा तास तरी स्वतःसाठी काढत जा. फिरायला जा, काहीतरी वाचा.

मी नक्की आले असते, पण सध्या पाण्याच्या नमुन्यांचा नुसता पूर आलाय. सगळ्या शहराच्या बाटल्या माझ्याच टेबलावर. त्यात लेकीची परीक्षा. सुट्टी मिळाली की येतेच. तुम्ही मामंजींचं किती करता, हे आम्ही येईल त्याला सांगत असतो.

कंदांची वाट पाहते. कुंड्या आणून ठेवल्यात. लोभ आहेच, कमी पडला तर मागून घ्या.

तुमची,
धाकटी


ता. १८ ऑगस्ट

सौ. धाकटीस स. न. वि. वि.

लिहायला बसले खरी, पण कुठून सुरू करावं ते सुचत नाही. झालं तसं लिहिते.

मामंजींनी टुमणं लावलं होतं, कंद काढायची वेळ निघून चालली. रविवारी फावडं घेतलं. खिडकीतून हुकूम सुरू झाले: लांबून खण, खालून उचल, पानं वीतभर ठेवून छाट, मधला म्हातारा गड्डा टाक, कडेचे कोवळे ठेव. मी करत होते. मधला गड्डा उचलला तर हातात लगदा आला. वास असा, की विचारू नकोस. कंद सडले होते. गेल्या वर्षी मीच त्यांच्यावर माती ओढली होती, उघडे पडलेले बरे दिसेनात म्हणून. मामंजींनी तेव्हाच बजावलं होतं की यांची पाठ उन्हाला उघडी लागते, पुरले की कुजतात. आता तेच ऐकवायला लागले. ऐकत नाहीस, ऐकत नाहीस, ऐकत नाहीस. धाकटे, मी तो कुजका कंद उचलला आणि खिडकीवर फेकून मारला. काच फुटली नाही. चिखल ओघळला, बरोबर त्यांच्या तोंडासमोरून.

मग मी खाली बसले, मातीतच. कुठे दुखत नव्हतं, चक्करही नव्हती. फक्त उठावंसं वाटेना. ते हाका मारत होते. प्रत्येक हाक मला ऐकू येत होती आणि मी ओ दिली नाही. ऊन माझ्या अंगावरून सरकून भिंतीवर गेलं, तरी मी तिथेच. मग आत धप्पकन आवाज झाला.

खुर्चीतून पडले होते. शेजारचे सुतार धावून आले म्हणून उचलता आलं. हाड मोडलं नाही, कपाळावर खोक पडली, टाके घातलेत. मामंजी खुर्चीतून पडले, एवढंच मी ह्यांना सांगितलं. मामंजींनीही तेवढंच सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी फार जपून बोलतो, पाहुण्यांसारखं.

वाचलेले कंद टोपलीत घालून पडवीत ठेवलेत. लावायला मन होत नाही.

आज एवढंच. जीव लावतेस तो लावत राहा.

तुझी,
जाऊ


ता. २२ ऑगस्ट

ती. जाऊबाईंस सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गाडी करून येतो आणि मामंजींना इकडे आणतो. तुमचं काही एक ऐकणार नाही. लेकीचं टेबल हॉलमध्ये काढलं, तिच्या खोलीत पलंग लावला. ती चार दिवस फुगेल, मग उतरेल. मी सकाळची पाळी घेतलीय, ह्यांची शाळा दुपारची, म्हणजे घरात कोणी ना कोणी असेल. भाऊजींशी हे फोनवर बोलले. थंडी पडेपर्यंत तरी मामंजी इथे राहतील, पुढचं पुढे.

एक लिहिते आणि थांबते. जूनमधली तुमची गंमत मला तेव्हाच कळली होती. कळली नाही असं धरून चालणं सोयीचं होतं.

त्यांचे कपडे, औषधं, काठी एवढंच बांधा. दमाल असं काही करू नका.

तुमची,
धाकटी


ता. २५ सप्टेंबर

सौ. धाकटीस स. न. वि. वि.

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दाढी चहाच्या आधी करायची, नंतर ते मान हलवतात. सदरा घालताना डावा हात आधी, काढताना शेवटी. पाणी घशात अडकतं, म्हणून पेला नाही, चमचा. आणि चिडले तर वाद घालू नकोस, खोलीबाहेर जाऊन उगाच काहीतरी आवाज कर. आपण कामात आहोत असं वाटलं की गप्प होतात.

इकडचं विचारशील तर मी झोपते. दुसरं काही सांगण्यासारखं नाही. कारखान्यातून आले की पायातल्या चपला काढून आडवी होते ती दिवेलागणीला उठते. पहिले काही दिवस दचकून जागी व्हायची, काठी वाजली असं वाटून. आता तेही नाही. सुतारांच्या बायकोने परवा विचारलं की तब्येत बरी नाही का. म्हटलं, बरीच आहे, म्हणून तर झोप लागते.

कंद टोपलीतच आहेत. ते टिकतात म्हणे असे कोरडे. तुझ्या कुंड्यांसाठी नेलेस तेवढे बरे.

तुझी आठवण काढून झोपणारी,
जाऊ


ता. ३० ऑक्टोबर

ती. जाऊबाईंस सा. न. वि. वि.

तुम्हाला जूनमध्ये मी अर्धा तास फिरायला जायला सांगितलं होतं ना? ते वाक्य परत घेते. हवेच्या गादीचंही.

मामंजी बरे आहेत. इमारतीची लिफ्ट त्यांच्या भिंतीपलीकडून जाते. जन्मभर लिफ्टच दुरुस्त केल्या, आता प्रत्येक खेपेला तिला नावं ठेवतात. लेक त्यांच्यासमोर अभ्यासाला बसते, कारण ती गाणी लावते आणि ते तिला ओरडतात, असं दोघांचं छान जमलंय. बाल्कनीतल्या कुंड्यांना नवी पानं आली. मी मात्र दमले. परवा प्रयोगशाळेत बाटलीवर लेबल चिकटवता चिकटवता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण विचाराल तर काही नाही. हे पुष्कळ करतात, अगदी चादरी धुण्यापर्यंत. तरीही सगळ्याची आठवण ठेवायचं काम माझ्याकडेच आहे. तुम्ही हे चार वर्षं एकटीने कसं केलंत?

गारठा सुरू झाला. ह्यांनी विचारायला सांगितलं म्हणून विचारते, मामंजींना कधी आणून सोडू? घाई नाही.

तुमची,
धाकटी


ता. ८ नोव्हेंबर

सौ. धाकटीस स. न. वि. वि.

मला ते परत नकोत.

यापुढे चांगलं काहीतरी लिहावं म्हणून बराच वेळ बसले, पण सुचत नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. माझ्या वडिलांपेक्षा जास्त दिवस मी त्यांच्याजवळ काढलेत. पण तुझं पत्र वाचलं आणि तिथेच बसून राहिले, त्या रविवारी मातीत बसले होते तशी. तू दमलीस हे वाचूनही मी असं लिहिते, यावरून ओळख. भेटायलाही म्हणून येत नाही. त्यांनी घरी घेऊन चल म्हटलं तर नाही म्हणता येणार नाही.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तू काय म्हणशील ते ऐकून घेईन.

जाऊ


ता. २० नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

ओळी उतरत्या जातील, सांभाळून घे. उजवा हात चालतो, पण कागद धरायला डावा नाही. नात धरून बसली आहे, तिला वाचायची बंदी आहे.

तुझी पत्रं धाकटी मला वाचून दाखवते. या वेळी वाचता वाचता तिने मधलं खाल्लं. मी पत्र मागून घेतलं. माझे डोळे अजून शाबूत आहेत हे तुम्ही दोघी विसरता.

मी इथेच राहणार आहे. हे रुसून लिहीत नाही. दिवसा एक बाई यायला लागली आहे, दोन्ही मुलांनी मिळून ठरवलं. आधीच ठरवायला हवं होतं. मीच कुणी परकं नको म्हणून अडून बसलो होतो आणि ते तुला निस्तरावं लागलं. धाकटीचा हात जड आहे, दाढी करताना हनुवटीवर एखादी तरी रेघ ओढतेच. शिकेल. पहिल्या वर्षी तूही अशीच होतीस.

आता त्या रविवारचं. तू खाली बसलीस त्यानंतर मी हाका मारल्या, त्या कंदांसाठी नव्हत्या. तू बसलीस ती उठेनास. मला वाटलं, तुला काही झालं. सुतारांना हाक मारून पाहिली, त्यांच्या करवतीपुढे माझा आवाज पोचेना. मग तुझ्याकडे यायला म्हणून उठलो. आपल्याला उठता येत नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

हे तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याआधी मी जे ऐकवलं होतं, त्याची लाज वाटत होती.

आयरिसचं जमेल तसं कर. नाही केलंस तरी चालेल. प्रकृतीला जप.

मामंजी


ता. २७ नोव्हेंबर

ती. मामंजींच्या चरणी सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वाचलं, आणि मग ह्यांच्या हातात दिलं. त्या दिवशीचं सगळं त्यांना सांगितलं, कंद फेकून मारल्याचंसुद्धा. सुट्टीच्या दिवशी ते झोपायचं सोडून मागे गेले आणि टोपलीतले कंद लावले. उशीर झालाय, येत्या वर्षी फुलतीलच असं नाही. तुम्ही विचाराल म्हणून लिहिते, पाठी उघड्या ठेवल्यात.

येत्या रविवारी मी येते. न्यायला नाही, भेटायला. धाकटीला कळवलंय की मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, तुमची उशी नीट करणार नाही आणि औषधाची वेळ झाली तरी जागची हलणार नाही. तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसेन. इतकी वर्षं एका घरात राहून आपण दोघं नुसते असे कधी बसलोच नाही.

प्रवास लांबचा आहे. बसल्या बसल्या माझा डोळा लागला, तर उठवू नका.

तुमची,
थोरली सून