पहिल्या रांगेतली मान

कार्डिफ, रविवार

ती. शशीदादास,

उदयचा नमस्कार, तुझे पाय इकडे असते तर धरलेही असते. तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे वहिनीकडून कळलं, बरं वाटलं. इकडे सगळे ठीक. मधुमती रोपं आणायला गेली आहे, म्हणजे घरात दोन तास शांतता.

होणारा जावई नक्की करतो काय, असं तू तिसऱ्यांदा विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो. बास्तियाँ फ्रेंच आहे. स्वतः गाणी लिहितो, स्वतःच चाल लावतो आणि गिटार घेऊन स्वतःच गातो. (तीन माणसांचं काम एकटा करतो, तरी मधुमतीच्या मते तो रिकामाच आहे.) लिआँला त्याचा बँड होता. पहिला अल्बम बेल्जियममध्ये बरा चालला. दुसरा त्याने इंग्रजीत केला, तो इंग्रजांना कळला नाही आणि फ्रेंचांनी ऐकला नाही. मग त्यांचा ड्रमर दाताचा डॉक्टर झाला, बँड फुटला आणि हा इकडे आला, कारण आपली अनुया इथे फिजिओ आहे.

तिसऱ्या अल्बमची गाणी त्याने मार्चमध्ये एका पबच्या वरच्या खोलीत चाळीसेक लोकांपुढे म्हणून पाहिली. मला पहिल्या रांगेत बसवलं. दहा गाणी मी हॉस्पिटलच्या कमिटीत बसावं तसा हाताची घडी घालून बसलो आणि वेळच्या वेळी टाळ्या वाजवल्या. सहाव्याला डोळाही लागला. (मी तीस वर्षं लोकांना भूल दिली, पण इतक्या सहज कधी जमलं नव्हतं.) मग त्याने अकरावं गाणं धरलं. वारलेल्या वडिलांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानावरचं आहे, हे अनुयाने आधी सांगितलं होतं. मला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही, पण दुसऱ्याच ओळीला तो असा काही खालच्या सुरावर आला, की माझी मान आपोआप हलायला लागली, हात मांडीवर पडला आणि तोंडातून ‘च्च! च्च! अरेरे!’ निघून गेलं. याहून मोठी दाद आपल्यात नाही, हे तुला सांगायला नको. बास्तियाँने माझ्याकडे पाहिलं, अडखळला, सॉरी म्हणाला आणि गाणं तिथेच सोडलं.

ऐकणारा मान आडवी हलवून ‘च्च’ करतो तेव्हा इथल्या लोकांना ती नापसंतीच वाटते, हे चाळीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला घरी येताना गाडीत आठवलं!

अल्बम सप्टेंबरात आला. ज्या दहा गाण्यांना मी ढिम्म बसलो होतो ती दहाच्या दहा त्यात आहेत, ते एक नाही. अल्बम उत्तम चाललाय. फ्रान्सच्या पेपरांत कौतुक आलं, मँचेस्टरचा कार्यक्रम हाउसफुल्ल गेला. म्हणजे माझ्या कंटाळ्यावर त्याचं करिअर उभं राहिलं. पण दादा, पोराने बापावर केलेलं गाणं मी मारलं, याचं मला फार वाईट वाटतं. आठ महिने सांगीन म्हणतो, आणि तो समोर आला की हवापाण्यावर बोलतो.

तुझा,
उदय

ता.क. डिसेंबरात दोघं पुण्याला येतायत, तो गिटार आणेल. घरच्या बैठकीत तू फर्माईश कर, ‘वडिलांचं गाणं होऊन जाऊ दे’ म्हण. तुझा मान ठेवून म्हणेल. फक्त मान घट्ट धर आणि वहिनीला मागे बसव, ती माझ्याहून जोरात ‘च्च’ करते.

आणखी ता.क. पत्र अनुयाच स्कॅन करून पाठवेल. काळजी नको, तिला माझं अक्षर लागत नाही.

काका, अनुया हियर. बाबाचा अक्षर मला लागतो, त्याच्या शॉपिंग लिस्ट्स कोण आणते? मान हलवणं म्हणजे काय ते मी बास्तियाँला त्याच दिवशी एक्सप्लेन केला होता. तो थांबला कारण बाबा रडत होता. ते बघून त्याला पुढची लाइन गाता नाही आला. (रडण्याचा पार्ट बाबाने लिहिलाच नाही, टिपिकल.) अल्बमवर पण त्याने मुद्दाम नाही टाकला. म्हणतो, दॅट वन्स फॉर युअर डॅड, व्हेनेव्हर ही आस्क्स. आठ महिने वेट करतोय. सो प्लीज काका, तुम्ही फर्माईश नका करू. बाबालाच विचारू दे.